तूर आणि तर : एक ॲप, गावभरचे फोन

आज ॲपच्या चाचणीबद्दल बोलायचंय, पण सुरुवात ऑफिसातून नको, बांधावरून करू. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचे. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पीककर्ज, नुकसानभरपाई अशा कामांना ती लागते. तेव्हा येवल्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवर ‘पुढे जा’ हे बटण स्क्रीनच्या खाली गेलं, तर त्याचा हंगाम अडकू शकतो. असं ॲप आपल्याला तपासायचं असेल, तर काय काय बघावं?

पहिला गैरसमज पिक्सेलचा. ७२० पिक्सेल रुंदीचा स्वस्त फोन आणि १०८० पिक्सेलचा महाग फोन, दोन्ही अँड्रॉइडच्या मापात अनेकदा ३६० डीपीच भरतात, कारण दुसऱ्याचे पिक्सेल अधिक दाट असतात. मग फरक पडतो कुठे? सेटिंगमध्ये! वडीलधारी माणसं अक्षर मोठं करून ठेवतात. अँड्रॉइड १४ मध्ये तर ते दुप्पट करता येतं.

इथे मराठीची खरी परीक्षा आहे. इंग्रजी अक्षराच्या मापाने बटणाची उंची पक्की केली, की आपले उकार खालून कापले जातात. ‘तूर’चं ‘तर’ होतं, ‘मूग’चं ‘मग’. पिकांच्या यादीत असं काही दिसलं तर माणूस निवडणार काय? म्हणून उंची मजकुराप्रमाणे वाढू द्यायची, आणि चाचणीला ‘टेस्ट टेस्ट’ न लिहिता खरी पिकांची नावं घालायची.

दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला, की जागा करायला अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून टाकतं. फोटो काढून परत यावं, तर भरलेला गट नंबर, क्षेत्र, सगळं कोरं! टेबलावरच्या भारी फोनवर हे कधी घडतच नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, बराचसा तसाच प्रसंग मुद्दाम घडवता येतो.

आता फोन किती घ्यायचे? सगळे घेणं कुणालाच परवडत नाही, आणि गरजही नाही. आपण कडेचे निवडू: सर्वांत लहान स्क्रीनचा, आपण चालवू त्यातलं सर्वांत जुनं अँड्रॉइड असलेला, सर्वांत कमी रॅमचा. जुने फोन सेकंडहँड मिळतात. मधल्या आकारांना एम्युलेटर पुरतो. पण एम्युलेटरवर दुपारचं ऊन पडत नाही, मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली नसते आणि बोटाला माती नसते. तेव्हा एक दिवस हे तीन फोन घेऊन सरळ शेतात जायचं. रेंज नसेल तिथे नोंद भरायची, फोन बंद करून चालू करायचा, आणि रेंजमध्ये आल्यावर नोंद वर गेली का ते पाहायचं.