वारा आणि शीड : हलक्यांची होडी

स्पिनेकर या शिडावर आज लिहीन म्हणालो होतो. ते पुढच्या रविवारी. मध्येच वेवजीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि त्यातल्या एका प्रश्नाने माझा आठवडा खाल्ला.

बाईंनी कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत एंटरप्राइज चालवलेली आहे. निळ्या शिडांची, दोघांची होडी. आता त्यांना एकटीने चालवायची होडी हवी, आणि तीही ट्रॅपीझवाली. त्या विचारतात, ‘माझं वजन ५२ किलो. अशा ज्या होड्या पाहते त्या सगळ्या ऐंशी किलोच्या गड्यांसाठी केलेल्या. हलक्यांसाठी वेगळी होडी कुणी का काढत नाही?’ वेवजी काही अगदी पाण्यावरचं गाव नव्हे, पण झाई-बोर्डीचा किनारा जवळ आहे, आणि दुपारनंतर तिथे काय वारा सुटतो हे मी बाईंना सांगायला नको.

ट्रॅपीझ म्हणजे डोलकाठीवरून उतरलेली तार. कमरेचा पट्टा तिला अडकवायचा, पाय कठड्यावर रोवायचे आणि अख्खं अंग पाण्यावर आडवं टाकायचं. १९३८ साली पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी ही युक्ती वापरून ‘थंडर अँड लाइटनिंग’ या होडीवर प्रिन्स ऑफ वेल्स कप जिंकला, आणि होड्यांच्या त्या वर्गात या युक्तीवर तडकाफडकी बंदी आली. हे स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवावरून परतताना गेलेल्या कॅप्टन स्कॉटचे चिरंजीव. पुढे पक्ष्यांची चित्रं काढता काढता ते वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांत जाऊन बसले. माणूस वल्लीच.

यामागचं तत्त्व मात्र आपल्या समुद्रात फार जुनं. रत्नागिरी-मालवणकडच्या होड्यांना बाजूला तोल सांभाळणारी उलांडी असते. श्रीलंकेच्या ओरुवावर तर जोराच्या वाऱ्यात खलाशी उलांडीच्या आडव्या दांड्यांवर जाऊन उभे राहत, आणि वारा मोजत तो माणसांत : एका माणसाचा वारा, दोन माणसांचा वारा. नॉट्सपेक्षा मला हे माप आवडतं, कारण बाईंचा प्रश्न त्यातच दडलाय. एक माणूस म्हणजे किती किलोचा माणूस?

जरा हिशोब करू. होडी उलटू न देणारी ताकद म्हणजे वजन गुणिले होडीच्या मध्यापासूनचं अंतर. लेझरसारख्या होडीत कठड्यावर बसून अंग बाहेर काढलं, तर शरीराचा भार मध्यापासून ढोबळमानाने १.२ मीटरवर पडतो. ऐंशी किलोच्या गड्याचे झाले ९६. बाईंचे ६२. आता बाईंना ट्रॅपीझवर टांगा. अंतर १.६५ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे ८६. एका तारेने बाई जवळजवळ त्या गड्याच्या बरोबरीला आल्या! ट्रॅपीझ हे धिप्पाड लोकांचं यंत्र आहे असं आपण समजतो. खरं तर ते हलक्या माणसालाही तितकंच उपयोगी आहे.

मग अडतं कुठे? शिडात. एकट्याने चालवायची, ट्रॅपीझ असलेली सर्वांत नावाजलेली होडी म्हणजे कंटेंडर. ऑलिंपिकमधल्या फिन या होडीची जागा घेईल अशी होडी हवी होती, त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या बॉब मिलरने ती १९६७ साली आखली. याच मिलरने पुढे नाव बदलून बेन लेक्सन असं केलं, आणि त्याच्या ‘ऑस्ट्रेलिया २’ने १९८३ मध्ये न्यूयॉर्क यॉट क्लबच्या हातून १३२ वर्षांनी अमेरिका कप काढून घेतला. फिन मात्र टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये टिकून राहिली, ते असो. कंटेंडरचं शीड १०.८ चौरस मीटर आहे, लेझरचं ७.०६. म्हणजे तारेने जी जादा ताकद मिळवून दिली ती आरेखकाने लगेच दीडपट शिडावर खर्च करून टाकली. त्यात वारा १० नॉट्सचा १४ झाला की शिडावरचा दाब दुप्पट होतो. बाईंच्या ८६ चं तिथे काही चालत नाही.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. होडी उलटली की केंद्रफळीवर उभं राहून ती सरळ करायची असते, आणि तिथेही वजनच लागतं. कंटेंडरचं नुसतं धूड ८३ किलोचं आहे. त्यात शीड पाण्याने भरलेलं. तार कितीही लांब असली तरी या कामाला ती कुचकामी.

यावर इंग्रजांनी एक तोडगा काढला होता. आरएस घराण्यातल्या काही होड्यांना दोन्ही बाजूंना पंख असतात. हलक्याने ते जास्त बाहेर काढायचे आणि एकूण वजन बरोबरीचं व्हावं म्हणून होडीत शिसं ठेवायचं. न्याय म्हणून ठीक आहे. पण मंद वाऱ्यात हलक्या माणसाला जो एकुलता एक फायदा मिळतो, तोच शिसं ठेवून काढून घ्यायचा, हे मला कधी पटलं नाही.

मला पटतो तो दुसरा रस्ता : धूड तेच ठेवा, शीड बदला. ब्रूस कर्बीने काढलेल्या लेझरला एकाच धुडावर तीन शिडं बसतात. डोलकाठीचा खालचा तुकडा बदलला की काम झालं. मधलं शीड ५.७६ चौरस मीटरचं, आणि २००८ पासून ऑलिंपिकमध्ये एकट्या बाईने चालवायची होडी तीच. त्याआधी तिथे युरोप नावाची होडी होती, हलक्यांसाठी खास वेगळी. ती २००४ नंतर गेली.

ट्रॅपीझच्या होड्यांतही हे झालेलं आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण मुंबईचंच आहे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये मुंबईची श्वेता शेर्वेगर आणि चेन्नईची वर्षा गौतम यांनी रौप्यपदक मिळवलं ते ‘फोर्टीनाइनर एफएक्स’ या होडीत. पुरुषांच्या फोर्टीनाइनरचंच हे धूड. फक्त डोलकाठी आखूड आणि शिडं लहान. दोघीही तारेवर टांगलेल्या. एफएक्स २०१६ ला रिओत ऑलिंपिकमध्ये आली. कुणी नवी होडी आखत बसलं असतं, तर तिचे साचे, तिचे कारखाने, तिच्या शर्यती उभ्या राहायला कितीतरी वर्षं गेली असती.

दोघांच्या होडीत हलक्या माणसाची तशीही सोय असते. १९८२ च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती मुंबई बंदरात झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिथे फायरबॉलमध्ये सुवर्ण जिंकलं. तारापोर हे आडनाव तर बाईंच्या पालघर जिल्ह्याच्याच किनाऱ्यावरचं. पुढे तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकना ‘४७०’ ही होडी घेऊन गेले. अशा होड्यांत सुकाण्यावरचा माणूस हलका असलेला चालतो, तारेवर उंच गडी असला की झालं. पण बाईंना एकटीने जायचं आहे, तेव्हा हे उत्तर त्यांच्या कामाचं नाही.

तेव्हा माझं मत असं : हलक्यांना वेगळी होडी नको, वेगळं शीड हवं. तेही आधीच ज्या होडीच्या शर्यती होतात तिच्यावर. तीन माणसांकडे असलेली होडी कितीही गोड असली तरी तिच्यावर शर्यत लावता येत नाही, आणि आपल्याकडे सैन्यदलांचे तळ आणि मोजके क्लब सोडले तर होड्या आहेतच किती? कंटेंडरच्या शिडातून तीनेक चौरस मीटर छाटले तर बाई ती नक्की हाकतील. उलटल्यावर सरळ करायचा प्रश्न मात्र उरेल. तो सोडवायचा असेल तर धूडच हलकं पाहिजे. २०१४ मध्ये आलेली आरएस एरो अशी आहे. धूड ३० किलोचं, आणि त्याच धुडावर वेगवेगळ्या मापांची शिडं. तिला ट्रॅपीझ नाही, हे बाईंना आवडणार नाही. मलाही नाही आवडत. तरी ट्रॅपीझचाच हट्ट नसेल तर आज मी त्यांना तीच सांगेन, आणि ती मिळेपर्यंत लहान शिडाची लेझर.

एक राहिलं. बाई, पत्रात तुम्ही वजन कळवलंत, उंची नाही. ट्रॅपीझवर किलोइतकेच सेंटिमीटर मोलाचे, तेव्हा तेवढी कळवा. माझा १.६५ चा आकडा अंदाजाचा आहे, तुमच्या मापाने पुन्हा मांडतो. स्पिनेकर पुढच्या रविवारी, नक्की.