दोन बॅटऱ्या जोडल्या म्हणजे काम दुप्पट होत नाही

“आहे त्या बॅटरीला आणखी एक जोडा, काम दुप्पट होईल.” बारामतीतल्या इन्व्हर्टरच्या दुकानापासून इंदापूर तालुक्यातल्या पोल्ट्रीच्या शेडपर्यंत हे वाक्य इतक्या खात्रीनं सांगितलं जातं, की ऐकणारा पुढं काही विचारत नाही. आता त्यात पोर्टेबल पॉवर स्टेशनची भर पडली आहे. बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत बसवलेलं हे उपकरण उचलून कुठंही नेता येतं, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही वाढल्या आहेत. सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न एकच असतो: अशा दोन पेट्या एकमेकींना जोडल्या तर बोअरची मोटर चालेल का?

नाही, चालणार नाही. का चालणार नाही हे समजून घेतलं, तर बॅटऱ्या जोडण्याबाबतचे निम्मे गैरसमज तिथंच संपतात.

प्रश्नामागची गरज खरी आहे. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज लाईट दिवसातून ठरावीक तासच असते आणि पाळीप्रमाणे कधी रात्रीही येते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलेलं असतं, उजनीच्या फुगवट्यावर मोटारी बसवलेल्या असतात, ऊस आणि डाळिंब पाण्याची वाट पाहत असतात, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. अशा वेळी कुणी सोपा उपाय सांगितला तर तो पटतो. म्हणूनच चुकीच्या सल्ल्याचा राग येतो. त्यात शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात आणि कधी जीवही धोक्यात येतो.

साठा वेगळा, जोर वेगळा

बॅटरीत किती वीज साठते हे वॉट-तासांत मोजतात. एका क्षणी किती वीज देता येते हे वॉटमध्ये मोजतात. गोंधळाचं मूळ या दोन मापांच्या सरमिसळीत आहे. शेततळ्याशेजारी दुसरं शेततळं खणून दोन्ही जोडली तर पाणी जास्त दिवस पुरेल, पण पाइपलाइन तीन इंचीच ठेवली तर चारीला येणारी धार तेवढीच राहील. बॅटऱ्यांची संख्या म्हणजे तळं, इन्व्हर्टर म्हणजे पाइप.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कंपन्यांची माहितीपत्रकं पाहावीत. इकोफ्लो कंपनीच्या डेल्टा २ या पॉवर स्टेशनची क्षमता १०२४ वॉट-तास आणि एसी आउटपुट १८०० वॉट आहे. त्याला कंपनीचीच जादा बॅटरी जोडता येते. तेवढ्याच क्षमतेची जोडली तर साठा २०४८ वॉट-तास होतो. आउटपुट मात्र १८०० वॉटच राहतं. बनवणारी कंपनी स्वतः जे सांगत नाही, ते विकणारा कशाच्या आधारावर सांगतो?

आता मोटरकडे येऊ. ५ एचपी म्हणजे ३७३० वॉट, आणि हा झाला शाफ्टवर मिळणारा जोर. मोटरमधली घट धरली तर वीज साधारण साडेचार हजार वॉट किंवा त्याहून जास्त लागते. थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यातून बोअरची ही मोटर सहसा ४१५ व्होल्ट थ्री फेजची असते आणि पॉवर स्टेशनच्या सॉकेटमधून मिळते २३० व्होल्टची सिंगल फेज. साठा दुप्पट करा की दहापट, यातली एकही अडचण सुटत नाही.

घटकाभर धरू, की जोराचा प्रश्न सुटला. मग साठ्याचा हिशेब करू. साडेचार किलोवॉटनं आठ तास म्हणजे ३६ युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावतात. म्हणजे वीस बॅटऱ्या. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर तिचा साधारण निम्माच साठा रोज वापरावा, म्हणजे चाळीस. हा हिशेब एकदा मांडला की शेतीपंपासाठी बॅटऱ्यांचा नाद का सोडावा हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप बॅटरीविना थेट उन्हावर चालतात. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला त्यात १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. तिथं दिवसाचं पाणी हाच साठा असतो.

जोडल्यावर नेमकं काय वाढतं?

१२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर व्होल्ट १२ राहतात आणि एएच ३०० होतात. मालिकेत जोडल्या, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, तर व्होल्ट २४ होतात आणि एएच १५० राहतात. दोन्हीकडे साठा ३६०० वॉट-तासच. “सिरीजमध्ये जास्त ताकद येते” हे अर्धवट ज्ञान आहे. कोणती जोडणी करायची हे इन्व्हर्टर किती व्होल्टचा आहे यावर ठरतं. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला २४ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

एका बाबतीत मात्र लोकांचा अनुभव खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. बॅटरीवरचे १५० एएच हे सहसा ‘सी२०’ पद्धतीनं मोजलेले असतात, म्हणजे वीस तास ७.५ अँपिअर दराने. करंट जास्त ओढला की त्याच बॅटरीतून कमी वीज मिळते. हा नियम जर्मनीच्या पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. त्यामुळे १८०० भागिले ५०० असा हिशेब करून ५०० वॉटचा भार साडेतीन तास चालेल असं मानणारा फसतो. प्रत्यक्षात बॅकअप दोन तासांच्या आसपास मिळतो. याच नियमामुळे सारख्या दोन नव्या बॅटऱ्या समांतर जोडल्या, की प्रत्येकीवर निम्माच करंट येतो आणि बॅकअप दुपटीहून थोडा जास्तही मिळू शकतो. दूध संकलन केंद्रावर फॅट तपासणारं मशीन, वजनकाटा आणि संगणक असा दोन-अडीचशे वॉटचा भार असतो. तिथं ही जोडणी खरोखर उपयोगी पडते. अट एकच: दोन्ही बॅटऱ्या सारख्या हव्यात.

जुनीला नवी जोडणं म्हणजे नवीचं आयुष्य जाळणं

नेमकी ही अटच पाळली जात नाही. घरात चार वर्षांची बॅटरी असते, ती तासभरही टिकत नाही, म्हणून शेजारी नवी आणून जोडतात. सल्ला देणारा म्हणतो, जुनीचंही काम होईल आणि पैसेही वाचतील. दोन्ही खोटं आहे.

लेड-ॲसिड बॅटरीत प्रत्येकी २ व्होल्टचे सहा सेल असतात. पूर्ण भरलेली नवी बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. जुनीतला एक सेल शॉर्ट झाला असेल तर ती १०.५ च्या आसपास येते. फरक २ व्होल्टचा, म्हणून लोक तो किरकोळ मानतात. पण दोन्ही बॅटऱ्या आणि वायर मिळून समजा ०.०२ ओहमचा अडथळा असेल, तर जोडल्याक्षणी सुमारे १०० अँपिअर करंट नवीतून जुनीत धावतो. घरात एकही दिवा लागलेला नसताना नवी बॅटरी तापते आणि उतरते. सेल शॉर्ट नसला तरी जुनी बॅटरी नवीला रोज थोडी थोडी खाली ओढतच राहते. मालिकेत जोडल्या तर कमी क्षमतेची जुनी आधी संपते, नवी तिच्यातून उलटा करंट ढकलत राहते, आणि चार्जिंगच्या वेळी जुनी उकळू लागते.

लिथियम आणि लेड-ॲसिड यांची जोडी तर लावूच नये. पॉवर स्टेशनमध्ये सध्या जास्त करून लिथियम आयर्न फॉस्फेट सेल येतात. एका सेलचे ३.२ व्होल्ट धरून चार सेलचे १२.८ होतात. आकडा जवळचा दिसतो, पण दोघांची चार्ज होण्याची आणि उतरण्याची रीत वेगळी आहे. लिथियम बॅटरीवर सेलचं रक्षण करणारं ‘बीएमएस’ सर्किट असतं. त्याला बगल देऊन वायरी ओढल्या, तर आगीपासूनचं संरक्षणच काढून टाकल्यासारखं होतं.

भरायचं कोण?

बॅटरी वाढवणारे हा प्रश्न कधीच विचारत नाहीत. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. ३०० एएचचा साठा निम्मा उतरला तर १५० एएच परत भरायचे असतात. १२ अँपिअरनं साडेबारा तास, आणि घट धरली तर पंधरा तासांपर्यंत वेळ लागतो. दिवसातून अनेकदा लाईट जाणाऱ्या वाडीवर सलग तेवढा वेळ मिळतो कुठं? बॅटरी अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षा-दोन वर्षांत दोन्ही बॅटऱ्या निकामी होतात. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत कमाल किती एएचची बॅटरी जोडता येते ते लिहिलेलं असतं. दुकानदारानं ते पान उघडलंच पाहिजे, आणि त्यानं उघडलं नाही तर गिऱ्हाईकानं उघडायला लावावं.

एसीला एसी जोडू नका

आता सगळ्यात घातक सल्ला: दोन पॉवर स्टेशनची आउटपुट सॉकेटं दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरनं जोडा, म्हणजे जोर दुप्पट होईल. एसी वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेते. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर ३२५ व्होल्टला असतं. दोन पेट्यांची आवर्तनं नेमकी उलट पडली तर त्यांच्यात ६५० व्होल्टचा फरक पडतो. पेट्या तर जळतातच, शिवाय त्या वायरच्या मोकळ्या पिनेला लागलेला हात वाचेलच असं नाही. होंडाचे काही इन्व्हर्टर जनरेटर जोडीनं चालतात, पण ते एकमेकांशी आवर्तन जुळवून घेतात आणि त्यासाठी कंपनीची खास केबल असते. ज्या उपकरणाच्या पुस्तिकेत अशी सोय लिहिलेली नाही, त्यात ती नाही.

याच वायरनं पॉवर स्टेशन किंवा जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये लावून अख्खं घर चालवणारेही आहेत. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी डीपीपर्यंत जाते आणि तिथं ती ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. खांबावर लाईन बंद समजून चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. घराला जोडायचंच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

एका पेटीच्या आउटपुटवर दुसरी पेटी चार्ज करणं धोक्याचं नाही, पण तोट्याचं आहे. पहिलीचा इन्व्हर्टर, दुसरीचा चार्जर आणि पुन्हा दुसरीचा इन्व्हर्टर, प्रत्येक ठिकाणी साधारण दहा टक्के किंवा जास्त वीज उष्णतेत जाते. हजार वॉट-तासांतले जेमतेम सातशे हाती येतात. त्यापेक्षा पहिली पेटी संपवा, मग दुसरी वापरा.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

“बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते.” आजच्या प्लास्टिकच्या डब्यातली बॅटरी फरशीमुळे उतरत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या मे महिन्याच्या उन्हानं मात्र तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

“बोअरचं किंवा आरओचं पाणी चालतं.” चालत नाही. दोन्हींत क्षार असतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

“एक लाख एमएएच म्हणजे इन्व्हर्टरएवढी पॉवर बँक.” तो आकडा ३.७ व्होल्टचा असेल तर साठा ३७० वॉट-तास होतो, म्हणजे १५० एएचच्या बॅटरीच्या पाचव्या हिश्श्याएवढा.

“लिथियम पूर्ण उतरवूनच चार्ज करावी.” ही सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे. लिथियमला तिचा तोटाच होतो.

“बॅटरी बंद खोलीत सुरक्षित राहते.” चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. खोली हवेशीर हवी आणि देवघराचा दिवा तिथून लांब हवा.

जोडायच्याच असतील तर

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या बॅटऱ्या घ्या. जोडण्याआधी दोन्ही पूर्ण चार्ज करा. समांतर जोडताना वायर सारख्या जाडीच्या आणि लांबीच्या ठेवा. इन्व्हर्टरचा प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे भार समान वाटला जातो. प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र फ्यूज बसवा. पॉवर स्टेशनला फक्त त्याच कंपनीची, त्याच मॉडेलसाठी दिलेली जादा बॅटरी जोडा. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे ॲसिड ओतायला न देता दुकानात परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आणि दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून न्या: एकाच वेळी किती वॉट चालवायचे, किती तास चालवायचे, आणि चार्जिंगला दिवसातून किती तास लाईट मिळते. हे तीन आकडे न विचारता जो दुकानदार “आणखी एक जोडा” म्हणतो, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.