आयर्लंडमधील बटाट्याचे गादीवाफे

आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनाक्ट प्रांतात, जिथे जमीन पाणथळ, मातीचा थर पातळ आणि नांगर-घोडा बाळगणे छोट्या कुळांना न परवडणारे होते, तिथे बटाटा प्रामुख्याने ‘लेझी बेड’ म्हणजे हाताने रचलेल्या गादीवाफ्यांवर पिकवला जाई. गवताळ जमीन आधी न खणता तिच्यावरच शेणखत किंवा किनाऱ्यावरचे समुद्री शेवाळ पसरत, त्यावर डोळे असलेल्या बेण्याच्या फोडी मांडत आणि मग ‘लॉय’ या लांब दांड्याच्या, अरुंद पात्याच्या व एकाच बाजूला पाय टेकवण्याची जागा असलेल्या फावड्याने दोन्ही कडांचा गवताचा थर मुळांसकट कापून, हिरवी बाजू खाली येईल असा, बेण्यावर उलथत. या पद्धतीची खरी बुद्धिमत्ता येथेच दिसते: दडपलेले गवत कुजून खत होई, पातळ मातीची जाडी वाढे आणि उताराच्या दिशेने काढलेल्या सऱ्यांतून जादा पाणी निघून गेल्याने कंद सडण्यापासून वाचत. रोपे वर आली की सरीतली माती त्यांना भर म्हणून चढवली जाई. १८४५ मध्ये आलेल्या करप्याने, म्हणजे फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसदृश रोगजंतूने, ‘लंपर’ या वाणावर फार विसंबलेल्या गरिबांचे पीक नासवले. वाफ्यांच्या रचनेत मात्र खोट नव्हती, आणि पश्चिमेकडील लहान शेतांत ती विसाव्या शतकातही टिकून राहिली.