तेरणेचे पाणी शेवटी कुठे जाते?

किल्लारीच्या माणसाला जमिनीच्या पोटाबद्दल कुणी नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथे ६१७ मीटर खोल विंधन विवर घेतले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. हिंदी महासागराच्या मध्यभागी तळ पाच हजार मीटरहून खोल आहे, म्हणजे या विवराच्या आठपटींहून जास्त. तिथे ऊन कधीच पोहोचत नाही. तरीही कृमी, स्पंज, समुद्रकाकड्या जगतात. वरच्या थरात मेलेल्या सूक्ष्म जीवांचे कण हळूहळू खाली येतात, त्यावर त्यांचे पोट चालते.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मग आपला काय संबंध? तेरणा मांजरेला मिळते, मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेतली निजामसागर, श्रीरामसागर ही धरणे बराच गाळ अडवतात, काही कचराही. पण पाण्यात विरघळलेले नत्र गाळासारखे तळाशी बसत नाही. उसाला गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया आणि गावागावांचे सांडपाणी यांतले हे नत्र.

बंगालच्या उपसागरात साधारण शंभर मीटरखाली एक जाड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. अरबी समुद्रातला असाच थर याहून बिकट. तिथे प्राणवायू इतका संपला आहे की सूक्ष्म जीव श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. बंगालच्या उपसागरात प्राणवायूचा किंचित अंश अजून शिल्लक आहे, आणि तेवढ्यामुळेच तिथे ही क्रिया जोर धरत नाही. नद्यांतून नत्र वाढले की शेवाळ वाढते, मरते, खाली जाऊन कुजते. कुजताना उरलेला प्राणवायू खर्च होतो. एकदा तो अंश गेला की इथेही सूक्ष्म जीव नायट्रेट वापरू लागतील. 

दुसरा धोका खाणींचा. मध्य हिंदी महासागराच्या तळावरील धातूंच्या गोट्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. पेरूजवळ १९८९ मध्ये तळ नांगरून पाहिला होता, त्या चाकोऱ्या २६ वर्षांनंतरही जशाच्या तशा दिसल्या. आणि प्लॅस्टिकचे म्हणाल, तर मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटरवर पिशवी सापडली आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. तेव्हा त्यांनी प्रांतांच्या सीमा बाजूला ठेवून संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्र विचार करायला लावला. दामोदर खोऱ्याची योजना त्यातूनच आली. गोदावरीच्या पाण्याची राज्यांतली वाटणी १९८० च्या लवादाने केली. कुणाला किती पाणी, हे ठरले. त्या पाण्यासोबत आपल्या गावातून काय जाते, हा प्रश्न माती परीक्षणाचे अहवाल आणि सांडपाण्याच्या नाल्याचा नकाशा घेऊन ग्रामसभेतही विचारता येतो.