न जाणवणारा झटका

थंडीच्या दिवसांत अंगातून लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. अंधार असला तर बारीक ठिणग्याही दिसतात. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावावा, तर बोटाला चटका बसतो. आपण हात झटकतो आणि विसरून जातो. श्रोतेहो, हाच चटका संगणकाच्या सुट्या भागांना बसला तर काय होते आणि तो टाळण्यासाठी घरच्या घरी काय करता येते, हे आज पाहू.

दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या किंवा नुसत्या चिकटून सुटल्या, की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेण्याचा खेळ आपण सर्वांनी शाळेत केला आहे. या विजेला स्थितिक वीज म्हणतात. ती तारेतून वाहत नाही, साठून राहते आणि वाट मिळाली की एका क्षणात निघून जाते.

इथे दाब आणि साठा यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. कुकडी नदीवरच्या येडगाव धरणात पाणी अफाट आहे, पण ते पडते त्या मानाने कमी उंचीवरून. स्थितिक विजेचे उलटे आहे. शिवनेरीच्या कड्यावरून चमचाभर पाणी सोडावे, तसा तिचा प्रकार. उंची, म्हणजे विद्युतदाब, हजारो व्होल्टचा. साठा मात्र थेंबभर. म्हणून माणसाला तिच्यापासून सहसा अपाय होत नाही. पण त्या थेंबाखाली मुंगी सापडली तर?

संगणकाच्या चिपमधले ट्रान्झिस्टर असेच मुंगीएवढे, खरे तर त्याहून कितीतरी लहान आहेत. त्यांच्यातला विजेला अडवणारा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. जास्त दाब पडला की या थराला भोक पडते आणि ते बुजत नाही. कंपन्या चिपमध्ये संरक्षणाची सोय ठेवतात, तरीही काही घटक शंभर व्होल्टच्या आसपासच दुखावतात. आपल्या बोटाला मात्र साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका कळतच नाही. सगळी गोम इथे आहे. ‘मला तर काहीच जाणवले नाही’ हा काही पुरावा नव्हे.

दुसरी अडचण अशी, की दुखावलेला घटक दर वेळी लगेच मरत नाही. रॅम बसवली, संगणक सुरू झाला, सारे खूश. महिना-दोन महिन्यांनी तो मध्येच बंद पडू लागतो, फाईल बिघडतात. मग आपण कंपनीच्या मालाला नावे ठेवतो, नाहीतर व्हायरसला. ज्या घरात एकच संगणक आहे, किंवा ज्या शाळेत दहा संगणकांवर सारे वर्ग शिकतात, तिथे हे नुकसान साधे नसते.

जितका घटक संवेदनशील, तितका तो नाजूक. येडगावच्याच परिसरात, खोडदला, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे रेडिओसंकेत इतके क्षीण असतात, की तबकडीने ते गोळा करताच प्रथम त्यांना वाढवावे लागते. असे क्षीण संकेत टिपणाऱ्या प्रवर्धकांतले ट्रान्झिस्टर स्थितिक विजेला फार लवकर बळी पडतात. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळांत ते हाताळताना जी शिस्त पाळतात, तीच आपल्याला टेबलावर हवी.

हवामानाचाही यात मोठा वाटा आहे. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि साठलेली वीज हळूहळू निसटते. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतले आकडे बोलके आहेत. विनाइलच्या फरशीवरून चालताना कोरड्या हवेत अंगावर १२ हजार व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो, दमट हवेत तो अडीचशेच्या आसपास राहतो. टेबलावरून साधी पॉलिथिनची पिशवी उचलली, तर कोरड्या हवेत २० हजार! म्हणजे जुन्नर भागात आषाढ-श्रावणात जे काम निभावून जाते, तेच माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत अंगाशी येऊ शकते.

आता उपाय. तत्त्व एकच: आपला हात आणि यंत्र यांचा दाब सारखा करून घ्यायचा. चिमणी विजेच्या तारेवर निवांत बसते ती याचमुळे. तिच्या दोन्ही पायांखालचा दाब सारखा असतो. संगणक बंद करून प्लग काढा आणि सुरू करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आतली उरलीसुरली वीज जाईल. मग कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावा आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा लावत राहा. रंगावर हात ठेवून उपयोग नाही. सुटे भाग कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. दुसऱ्याच्या हाती भाग देताना आधी हातात हात घ्या, मग वस्तू द्या.

रॅम किंवा मदरबोर्ड नारायणगावला वा पुण्याला दुरुस्तीला नेताना पुष्कळ जण ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलमध्ये गुंडाळतात. याहून वाईट वेष्टन शोधून सापडणार नाही. नव्या भागासोबत येणारी चंदेरी पिशवी जपून ठेवा आणि तिचे तोंड बंद करून न्या. मात्र तिच्यावर बोर्ड ठेवून वीज चालू करू नका, कारण तिच्यात धातूचा थर असतो. धूळ काढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याच्या नळीतही घर्षणाने वीज साठते.

नेहमी काम करणाऱ्याने मनगटपट्टा घ्यावा. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झालाच, तरी त्यातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार मनगटाला बांधून ती जमिनीत पुरण्याचा प्रकार कधीही करू नका.

शेवटचा मुद्दा अर्थिंगचा. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन घरोघर असते, पण तिच्यामागची तार खड्ड्यापर्यंत पोचलेली असतेच असे नाही. अर्थिंग नसेल, तर चालू संगणकाच्या कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. ‘प्लग लावून ठेवा म्हणजे अर्थ मिळतो’ हा सल्ला अशा घरात धोक्याचा आहे. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

या साऱ्याला खर्च फार नाही. पाच मिनिटांचा धीर आणि धातूला हात लावण्याची सवय, एवढीच भांडवलाची गरज आहे.