मैदान एकट्याचं: तुर्कस्तानचा झेयबेक

तुर्कस्तानच्या पश्चिमेला, इझमिर-आयदिन-डेनिझलीच्या पट्ट्यात, लग्न रंगात आलं की मधेच नाचणारे बाजूला सरतात आणि मैदान मोकळं होतं. दावूल आणि झुर्नावाल्यांना कोणीतरी आपली धून सांगतो. मग एकच माणूस मध्ये येतो. नवरदेव, त्याचा बाप, नाहीतर गावातला कोणी जुना मुरलेला गडी. येतो आणि नुसता चालू लागतो. हात सैल, नजर लांब कुठेतरी. नाच अजून सुरूच झालेला नाही. या फेरीला गेझिनलेमे म्हणतात, आणि गडी कोणत्या मातीचा आहे हे पारखी माणूस बहुधा तेवढ्यातच ओळखत असावा.

नंतर दोन्ही हात खांद्यापर्यंत वर येतात आणि पसरतात. एक पाय उचलला जातो आणि तसाच अधांतरी राहतो. वाटतं, आता पडणार. पडत नाही. ठोका येतो, पाय टेकतो, शरीर वळतं आणि एक गुडघा जमिनीला भिडून क्षणात परत वर येतो. ताल नऊ मात्रांचा: दोन-दोनचे तीन खंड आणि तिनाचा एक. आपल्या झपतालासारखेच खंड असमान. त्या तिनाच्या लांबलेल्या खंडातच नाचणाऱ्याची खरी परीक्षा. घाई केली की संपलं. तरुणांना झेयबेक येतो, पण शोभतो म्हाताऱ्यांना, असं मला वाटतं ते यामुळेच.

झुर्ना ही आपल्या सनईच्या कुळातली. दुहेरी पत्तीची, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत न थांबता वाजवायची. या भागात मोठ्या आकाराची, खर्जातली काबा झुर्ना चालते. वाजवणारे दोघे असतात: एक धून वाजवतो, दुसरा सूर धरून ठेवतो; सनईवाल्याचा सूर देणारा साथीदार असतो तसाच. दावूल गळ्यात. एका तोंडावर टोकमाक म्हणजे जाड दांडकं, दुसऱ्यावर बारीक काडी. वाजवणारे पुष्कळदा रोमा समाजातले. बिदागी मागावी लागत नाही, नाचणारा किंवा त्याचे सोयरेच नोटा देतात.

हा नाच मुळात डोंगरातल्या बंडखोरांचा. उस्मानी काळात एजियनच्या डोंगरांत झेयबेकांच्या टोळ्या असत. म्होरक्या तो एफे, त्याच्या हाताखाली झेयबेक, नवशिके ते किझान. गुडघ्यावर संपणारी तोकडी विजार, नक्षीदार बंडी, कमरेला रुंद चामडी पट्टा आणि त्यात खोचलेली हत्यारं. सरकारदरबारी हे दरोडेखोर, गावगप्पांत मात्र गरिबांचे कैवारी. खरं बहुधा दोन्ही. १९११ मध्ये मारला गेलेला चाकिरजाली मेहमेत एफे यांतला सर्वांत गाजलेला. त्याच्यावर कादंबरीकार यशार केमालने पुस्तक लिहिलं. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमिरला उतरलं, तेव्हा याच टोळ्या त्याच्याविरुद्ध लढल्या. योर्युक अली एफेने त्याच वर्षी मालगाच येथील रेल्वेपुलाजवळच्या चौकीवर हल्ला केला. कालचे दरोडेखोर आज देशभक्त ठरले, आणि त्यांचा नाचही राष्ट्राच्या मालकीचा झाला.

तो राष्ट्राचा करण्यात एका कवायत मास्तराचा मोठा वाटा. सेलिम सिर्री तार्जान स्वीडनमध्ये व्यायामशास्त्र शिकून आले होते. तिथली लोकनृत्यं शाळांत कशी बसवली जातात हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी झेयबेकला कातरून, घासून, दिवाणखान्यात जोडीने नाचता येईल असा घाट दिला. १९२५ मध्ये इझमिरला तो अतातुर्कसमोर सादर झाला. अतातुर्क स्वतः झेयबेक आवडीने नाचत. आज प्रजासत्ताक दिनाला, म्हणजे २९ ऑक्टोबरला, किंवा इझमिरच्या मुक्तिदिनी, ९ सप्टेंबरला, चौकाचौकांत घोळके एका तालावर 'हार्मानदाली' हा झेयबेक नाचतात. वरून काढलेल्या चित्रफितीत ते झकास दिसतं. पण मला ते खटकतं. सगळ्यांचा पाय एकाच वेळी वर गेला की अधांतरी थांबायला कोणालाच सवड उरत नाही. झेयबेक ही कवायत नव्हे.

जुनी रीत अशी की माझ्या धुनेवर मी नाचत असताना दुसऱ्याने मध्ये शिरायचं नाही. शिरला तर तो अपमान. ही रीत समुद्रापलीकडेही गेली. १९२२-२३ च्या उलथापालथीत आशिया मायनरमधून ग्रीसला गेलेल्या निर्वासितांनी हा ताल पिरेयसच्या मद्यालयांत नेला. तिथे त्याला झेइबेकिको म्हणतात, तोही नऊ मात्रांचा, तोही एकट्याचा. तिथे अपमान किती खोल जातो ते १९७३ मध्ये दिसलं. अथेन्सच्या एका नाइटक्लबात भावाने सांगितलेल्या नाचात इतर लोक घुसल्यावरून निकोस कोएमझिसने चाकूने तीन पोलिसांना ठार केलं. यावर पुढे सिनेमाही निघाला.

लग्नात अर्थात चाकू निघत नाहीत. उलट आता मैदानात नवरीही उतरते. बायकांचे झेयबेक पूर्वीपासून आहेतच. बहुधा मऊ चालीचे, मेंदीच्या रात्री आपापसांत नाचले जाणारे. पांढऱ्या गाऊनमध्ये भर मांडवात, नवऱ्याच्या समोर हात पसरून उभी राहणारी नवरी ही मात्र अलीकडची गोष्ट. लग्न ठरलं की काही जोडपी त्यासाठी शिकवणी लावतात. गाऊनचा घेर सावरत गुडघा टेकणं हा भाग अवघड, आणि काही जणी तो सरळ गाळूनच टाकतात.