टॅगची रांग
अमेरिकेतील नर एल्कची शिकार आणि तिची तयारी

‘शिकार’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे संस्थानिक, मचाण, हाकारे आणि मेलेल्या वाघाशेजारी काढलेले छायाचित्र उभे राहते. इंग्रजी अमदानीत जंगलांचे शिकारीसाठी ‘ब्लॉक’ पाडले जात आणि परवानेही दिले जात. पण त्या परवान्यांची वाट बहुधा साहेबाच्या बंगल्यावरून जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपवला. त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एखादा ट्रकचालक किंवा शाळामास्तर एका नर एल्कच्या परवान्यासाठी वीस वर्षे रांगेत थांबतो, हे ऐकले की आपल्याला दोन प्रश्न पडतात. इतकी वर्षे थांबण्यासारखे त्यात आहे तरी काय? आणि प्राणी मारण्याला हे लोक संरक्षण कसे म्हणतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दुसऱ्याच्याही बरेच जवळ जाता येते.

प्राणी कोणाचा, जमीन कोणाची?

एल्क हे हरणांच्या कुळातले मोठे जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे-साडेतीनशे किलोंचा असतो. त्याच्या शिंगांची जोडी अठरा किलोंपर्यंत भरते, दर वसंतात झडते आणि पुन्हा उगवते. काश्मीरच्या दाचिगाममध्ये जेमतेम काहीशे उरलेला हंगूल हा त्याचा जवळचा नातेवाईक.

अमेरिकेतही एल्कची गत एकेकाळी हंगुलासारखीच होणार होती. मांस, कातडी आणि दात यांच्या व्यापारासाठी झालेल्या बेबंद कत्तलीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या एक लाखाच्या खाली गेली. अ‍ॅरिझोनात तर मूळचा एल्क पार संपला. १९१३ मध्ये यलोस्टोनहून ऐंशीहून अधिक एल्क रेल्वेने आणून तिथे सोडले गेले, आणि आजचे तिथले कळप मुख्यतः अशा आणलेल्या जनावरांचे वंशज आहेत. आज उत्तर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क आहेत.

या पुनरागमनामागे दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. पहिली मालकीची. तिथल्या कायद्यात रानातला प्राणी जमीनमालकाचा नसतो. राज्य जनतेचा विश्वस्त म्हणून तो सांभाळते. दुसरी पैशाची. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटण्याची सोय केली. परवान्यांची फीदेखील राज्याच्या वन्यजीव खात्याकडेच जाते.

जमिनीचेही असेच. केंद्र सरकारच्या वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून जास्त क्षेत्र भरते. यातल्या बहुतेक जमिनीवर कोणीही तंबू ठोकू शकतो आणि परवाना असेल तर शिकारही करू शकतो.

सोडत आणि गुण

टॅग म्हणजे ठरावीक विभागात, ठरावीक तारखांना, ठरावीक शस्त्राने एकच जनावर मारण्याचा परवाना. जनावर मारल्याबरोबर तो त्याच्या शरीराला जोडावा लागतो, म्हणून हे नाव. काही विभागांत टॅग दुकानातून सहज विकत मिळतो. पण जिथे मोठ्या वयाचे नर राखायचे असतात, तिथे टॅग मोजकेच ठेवतात.

त्यामागचे शास्त्र सरळ आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे कळपाची संख्या ठरते ती माद्यांवर. संख्या कमी करायची तर माद्यांचे टॅग वाढवतात. नर मात्र बेसुमार मारले गेले तर कळपात कोवळेच नर उरतात, माद्यांची गर्भधारणा उशिरापर्यंत लांबते आणि उशिरा जन्मलेले पाडस हिवाळ्याच्या तोंडावर अशक्त राहते. युटा राज्य तर मारलेल्या नरांच्या सरासरी वयावरून काही विभागांतले टॅग ठरवते. वय कळते दातावरून. झाडाच्या खोडाप्रमाणे दाताच्या मुळातही वर्षावर्षाची वलये साठतात.

म्हाडाच्या घरांची सोडत आपल्याला नवी नाही. टॅगचेही तसेच, फरक इतकाच, की अनेक राज्यांत यंदाच्या अपयशाचा पुढच्या वर्षी उपयोग होतो. कोलोरॅडोत सोडतीत नाव लागले नाही की एक गुण जमा होतो आणि जास्त गुणवाल्याला आधी टॅग मिळतो. नेव्हाडात गुणांचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या टाकतात. न्यू मेक्सिकोत गुणच नाहीत. तिथे दरवर्षी सगळे नव्याने सारखेच.

गुणांची पद्धत न्याय्य वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. समजा, एका विभागात दरवर्षी ४० टॅग आहेत आणि रांगेत २,००० माणसे आहेत. नवे कोणी आले नाही, तरी शेवटच्या माणसाला पन्नास वर्षे लागतील. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातल्या काही विभागांना आज वीसहून अधिक गुण लागतात. टॅग लागला की जमा गुण शून्यावर येतात. तयारीला इतके महत्त्व येते ते यामुळेच. हंगाम संपला की टॅग गेला, आणि तोवर माणसाचे वय झालेले असते.

कागदावरची वाट

तयारी सुरू होते नकाशापासून. पश्चिमेत सरकारी आणि खासगी जमीन अनेक ठिकाणी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन बहाल केले गेले, त्याचा हा वारसा. सरकारी चौकोनातून तिरक्या सरकारी चौकोनात जायचे तर दोघांच्या सामाईक कोपऱ्यावरून पाऊल टाकावे लागते, आणि त्या क्षणी शरीर खासगी जमिनीवरच्या हवेतून जाते. २०२१ मध्ये वायोमिंगमध्ये चार शिकाऱ्यांनी अशाच कोपऱ्यावर शिडी लावली आणि जमिनीला पाय न लावता तो ओलांडला. जमीनमालकाने दावा ठोकला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने १८८५ च्या कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून शिकारी आधी हद्दी पाहतो, मग डोंगर.

डोंगर पाहताना हंगाम ध्यानात ठेवावा लागतो. सप्टेंबरात माजावर आलेला नर शीळ घालत ओरडतो आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. रायफलचे हंगाम मात्र बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, माज ओसरल्यावर येतात. तोवर झुंजी आणि उपास यांनी नराचे वजन बरेच घटलेले असते. तो माद्यांना सोडून दाट झाडीच्या, चारा-पाणी जवळ असलेल्या अडचणीच्या कोपऱ्यात जातो आणि फारसा हलत नाही. उन्हाळ्यात जिथे तो दिसला, तिथे तो आता नसतो. नकाशावर शोधायचे ते असे कोपरे, रस्त्यांपासून दूरचे.

वाऱ्याचाही हिशेब असतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की वर चढते. एल्कचे नाक तीक्ष्ण, म्हणून सकाळी खालून वर आणि दुपारी वरून खाली, असा मार्ग आखतात.

नेम आणि नकार

रायफलीबाबत कायदा किमान मर्यादा सांगतो. कोलोरॅडोत एल्कसाठी नळीचा व्यास निदान ०.२४ इंच, गोळी निदान ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅम) आणि लागल्यावर फुलणारी हवी. कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस ओळखू येतो.

कायदा जे सांगत नाही ते प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागते, ते म्हणजे आपले अंतर. मैदानावर टेबलाला टेकून घेतलेला नेम डोंगरावर उपयोगी पडत नाही. तीन हजार मीटर उंचीवर धाप लागलेली असताना, बसून किंवा गुडघा टेकून, छातीतल्या हृदय-फुप्फुसांच्या भागावर दरवेळी गोळी बसेल ते अंतर खरे. ते उन्हाळ्यातच मोजून ठेवायचे आणि त्यापुढे चाप ओढायचा नाही. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर शेवटच्या संध्याकाळी, अंधुक उजेडात, दूरवर नर दिसतो तेव्हा हा नियम पाळणे सर्वांत कठीण. तो मोडला तर जखमी जनावर दाट झाडीत जाऊन मरते आणि कोणाच्याच कामी येत नाही.

दुसरा हिशेब मांसाचा. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस शंभर किलोंच्या आसपास भरते. ते रानात टाकून केवळ शिंगे नेणे हा गुन्हा आहे. एका माणसाने खेपेला पंचवीस किलो नेले तर चार खेपा होतात. तंबू पाच किलोमीटरवर असेल तर भरल्या खेपांचे वीस आणि रिकाम्या परतीचे पंधरा, असे पस्तीस किलोमीटर, तेही चढउतारांचे. जाड मांडीतली ऊब हाडापाशी कोंडून राहते आणि तिथूनच मांस नासू लागते. म्हणून कातडी लगेच सोलतात, तंगड्या सुट्या करून जाळीदार कापडी पिशव्यांत सावलीला टांगतात. जाणता शिकारी मदतीला माणसे किंवा खेचरे आधी ठरवतो. नसतील तर अमुक ओढ्यापलीकडे नर दिसला तरी मारायचा नाही, हे आधी ठरवतो.

रांगेबाहेरचे

ही व्यवस्था निर्दोष नाही. काही टॅग लिलावात जातात आणि कधी एक लाख डॉलरहून अधिक किंमत देणारा रांगेच्या पुढे जातो. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी असतो, तरी रांगेतल्या माणसाला तो टोचणारच. त्याहून मोठा प्रश्न मूळ रहिवाशांचा. १८६८ च्या तहाने क्रो जमातीला सरकारच्या वस्तीरहित जमिनीवर शिकारीचा हक्क दिला होता. २०१४ मध्ये या जमातीच्या एका सभासदाने बिगहॉर्न राष्ट्रीय वनात हंगामाबाहेर एल्क मारला, म्हणून वायोमिंग राज्याने त्याच्यावर खटला भरला. तो भाग राज्य झाला म्हणून तहातला हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. ज्याला ‘सार्वजनिक’ म्हणतात ती जमीन आधी कोणाची होती, हे त्या निकालाने पुन्हा सर्वांपुढे आले.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणावी, असे मला वाटत नाही. आपली जंगले लहान, वस्ती दाट आणि इतिहास वेगळा. पण सामाईक वस्तू टिकवायची तर ती मोजावी लागते, मोजून वाटावी लागते आणि वाट्याला आलेलीही प्रसंगी सोडावी लागते, एवढे या रांगेतून शिकण्यासारखे आहे. बऱ्याच टॅगधारकांचा हंगाम गोळी न झाडताच संपतो. पुढच्या वर्षी ते शून्य गुणांनी पुन्हा अर्ज भरतात, आणि त्यांनी न मारलेला नर पुढच्या सप्टेंबरात पुन्हा शीळ घालतो.